वरच्या घरचा धूर

मोंतारेलमध्ये घरं मोजत नाहीत, धुराडी मोजतात. नोव्हेंबर लागतो त्या सकाळी, सगळ्या संतांच्या सणाला, गावचा रखवालदार खालच्या पुलापासून वरच्या आळीपर्यंत मान वर करून चालत जातो. ज्या धुराड्यातून धूर निघतो त्या चुलीला गावच्या रानातला लाकडाचा वाटा मिळतो. ज्यातून निघत नाही, त्या चुलीचं नाव यादीतून गळतं. दिवस मुद्दाम तोच धरलेला. त्या दिवशी गावचा माणूस कुठेही असला तरी घरी येतो, आईबापांच्या थडग्यावर शेवंतीची कुंडी ठेवल्याशिवाय कुणाला राहवत नाही. लाकडाची आता तशी कुणाला निकड नाही, बहुतेकांच्या तळघरात घर ऊबदार ठेवणारे, तेलावर चालणारे बंब आले. पण नाव गळणं ही वेगळी गोष्ट. नाव गळलेला माणूस पुन्हा येऊन राहिला तरी पाहुणाच. रानात त्याचा वाटा नाही, सभेत त्याच्या शब्दाला किंमत नाही, आणि म्हातारी माणसं रस्त्यात भेटली तर त्याच्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत.

फिलोमेनने आपल्या भावाचं नाव गळू दिलं नव्हतं.

गास्पार तिच्याहून लहान. बापाने मरण्याआधी वाटणी सरळ करून ठेवली होती. खालचं घर आणि शेळ्या लेकीला, वरचं घर आणि त्यामागचं कुरण लेकाला. लेकाचा जीव मात्र कुरणात रमला नाही. ग्रेनोबलच्या कारखान्यात काम मिळालं तेव्हा तो बहिणीला सांगायला आला आणि शब्दाने शब्द वाढला. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. फिलोमेनच्या मनात आलं, आता हाही चालला. मनात आलं ते तिने बोलून दाखवलं नाही, बोलली ते भलतंच. सगळी आळी दारादारात उभी असताना ती म्हणाली, "जा. तुझी पाठ फिरली की तुझ्या घरात शेळ्या बांधते की नाही बघ."

"बांध," गास्पार म्हणाला. "त्या दिवसापासून या गावाचं तोंड बघणार नाही मी."

तो गेला. शेळ्या तिने बांधल्या नाहीत. त्याच वर्षी सणाच्या पहाटे पाठीवरच्या टोपलीत आपल्या घरचं सरपण घालून ती वर गेली, भावाचं घर उघडलं आणि चूल पेटवली. मग दर वर्षी तेच. बोललेला शब्द परत घेता येत नाही, पण तो खोटा तरी पाडता येतो, असा तिचा हिशेब होता.

हे गावाला ठाऊक होतं, रखवालदारालाही ठाऊक होतं. बोलत मात्र कुणी नसे. बोललं की ती लबाडी ठरणार आणि रखवालदाराला नाव खोडावं लागणार. त्यामुळे वरच्या घरातून धूर दिसला की तो टोपी सारखी करी आणि पुढच्या घराकडे वळे. गास्पारच्या वाट्याचं लाकूड बाप्तिस्तां आपल्या ट्रॅक्टरवरून आणून त्या घराच्या भिंतीला रचून देई. हा बाप्तिस्तां म्हणजे फिलोमेनचा शेजारी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, डोंगर चढायला येणाऱ्यांसाठी मुक्कामाचं घर चालवायचा, आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. पण या एका गोष्टीवर तोही आडूनच बोले. "तुझ्या भावाची चूल फार बेताने खाते बुवा, फिलोमेन," लाकूड रचताना तो म्हणायचा. "लाकूड काही संपता संपत नाही त्याचं."

संपणार कसं? ती त्या लाकडाला हात लावत नव्हती. गास्पार येईल तेव्हा त्याला एक ओंडकाही कमी दिसू नये. आणि तो येईल, आपले डोळे उघडे आहेत तोवर येईल, स्वतःच्या हाताने चूल पेटवील, एवढीच एक आस तिने धरली होती. आता गुडघे गेले होते. मागच्या सणाला वरच्या आळीचा चढ तिने बसत उठत चढला होता, आणि यंदा काय करायचं हे ती कुणाला विचारूही शकत नव्हती.

सप्टेंबर सरत असताना बाप्तिस्तांकडे एक बाई उतरली. चाळिशी उलटलेली, केस आखूड, पाठीवर जड पिशवी. डोंगरावरच्या छोट्या चर्चची किल्ली फिलोमेनकडे असे, म्हणून पाहुण्यांना चार गोष्टी दाखवायचं कामही तिच्याकडेच आलेलं. बाप्तिस्तां त्या बाईला घेऊन दारात आला. "ही ओदिल. हिला नीट दाखव," तो म्हणाला. "फोटो काढून पळणाऱ्यांतली नाही. काल माझं सूप दोनदा मागून घेतलं तिने."

"म्हणजे एक तर भुकेली असेल नाहीतर जिभेला चव नसेल," फिलोमेन म्हणाली आणि किल्ली घेऊन निघाली.

चर्चच्या दाराशी भिंतभर संत क्रिस्तोफ रंगवलेला आहे, खांद्यावर बाळ घेऊन नदी ओलांडणारा. सकाळी त्याचा चेहरा पाहिला की त्या दिवशी मरण येत नाही म्हणतात. फिलोमेनने नेहमीप्रमाणे सांगितलं की आपण तो रोज बघतो आणि म्हणूनच अडकून पडलो आहोत. सगळे पाहुणे इथे हसतात. ओदिल हसली नाही. ती त्या संताच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "पण दूर राहणाऱ्याने काय करायचं, मावशी? त्याला कसा दिसणार हा?" आजवर फिलोमेनला कुणी असं विचारलं नव्हतं.

तिथून त्या धबधब्याकडे गेल्या. पर्यटनवाल्यांनी तिथे पाटी लावली आहे, राणीचा धबधबा. कुठली राणी आणि कुठलं काय, इकडे राणी कधी फिरकली नव्हती. वळणावरून पाण्याचा आवाज आला तसं ओदिल म्हणाली, "रडकीला पाणी कमी दिसतंय यंदा." फिलोमेनने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रडकी हे नाव गावाच्या तोंडचं, पाटीवर ते कुठेच नव्हतं. बाप्तिस्तांने बडबडीत सांगितलं असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. आणखी एक गोष्ट तिच्या नजरेत आली होती. दगडावर बसायची वेळ आली तरी बाई पाठीवरची पिशवी खाली ठेवत नव्हती. बसताना ती पुढे घेऊन मांडीवर ठेवी.

किल्ला राहिला होता. तिथवर फिलोमेन अलीकडे जात नसे, खालच्या वळणावरून हाताने वाट दाखवी आणि परत फिरे. पण ओदिल म्हणाली, "तुम्ही आलात तर बरं होईल." सुरात आर्जव होतं आणि आणखी काहीतरी होतं, धमकीच्या जवळचं. बाप्तिस्तांने आपली जीप काढली. वाटभर तो सांगत होता की या गाडीचे ब्रेक आणि फिलोमेनचे गुडघे एकाच साली गेले, तेव्हा दोघींवर विसंबून कुणी उतारावर जाऊ नये. किल्ल्याचाही त्याने उद्धार केला. राजाच्या सैनिकांनी एवढा दगड वाहून नेला आणि आजवर लढाई झाली ती फक्त वाऱ्याशी, तीही किल्लाच हरत आला. तटाच्या पायथ्याशी त्यांना उतरवून तो गाडीतच डोळे मिटून पडला.

पडक्या तटावरून मोंतारेल सगळं दिसतं. सगळ्यात आधी दिसतं ते वरचं घर, कारण ते इतरांपासून सुटं आहे. ओदिलने तिकडे बोट केलं. "त्या घरात कोण राहतं?"

"माझा भाऊ," परक्याला सांगायचं ते फिलोमेनने सांगितलं. "सध्या बाहेरगावी असतो."

ओदिलने पिशवी मांडीवर घेतली आणि ती दगडावर बसली. मग तिने सांगायला सुरुवात केली, तीही फिलोमेनकडे न बघता. लहान असताना ती एकदा इथवर आली होती, बापाबरोबर. गाडी पलीकडच्या खोऱ्यात ठेवून दोघं खिंडीतून पायी चढून आले होते, कारण रस्त्याने आलं असतं तर अख्ख्या गावाने पाहिलं असतं. बापाच्या कोटाच्या आत शेवंतीची कुंडी होती. आधी आईबापांच्या थडग्यावर जायचं, मग आपलं घर उघडायचं, आणि मग बहिणीचं दार वाजवायचं, असं त्याने ठरवलं होतं. दार उघडल्यावर काय बोलायचं ते तो वाटभर पुटपुटत होता. एकदा हसत म्हणाला होता, "शब्द मागे पुढे झाले तर तू आठवण कर हं." चढून चढून ती दमली होती, पण बाप खुशीत होता म्हणून रडली नव्हती. इथे, या तटाशी आल्यावर तो थांबला. बराच वेळ खाली बघत राहिला.

"म्हणाले, आपल्या घरात चूल पेटलीय. घर घेतलं हिने, बांधल्या वाटतं शेळ्या." ओदिलने तटाच्या बुडाकडे बोट केलं. "कुंडी तिथेच भिंतीला लावून ठेवली आणि माझा हात धरून मागे फिरले. उतरताना एक अक्षर बोलले नाहीत."

फिलोमेनला ती कुंडी आठवली. एका सणाच्या पुढल्या आठवड्यात शेळ्या शोधायला ती वर आली होती आणि तटाच्या बुडाशी गारठ्याने काळी पडलेली शेवंती होती. बाप्तिस्तां तेव्हा म्हणाला होता, कुणीतरी किल्ल्याचंच थडगं पूजलं. ती हसलीही होती.

तो एक सण सोडला तर वर्षातले सगळे दिवस ते धुराडं गार असे. सगळे दिवस. गास्पार दुसऱ्या कुठल्याही दिवशी आला असता तर त्याला बंद दार आणि बाहेर रचलेलं लाकूड दिसलं असतं. पण तो एरवी येणार कसा? तो मोंतारेलचा होता. यायचा तर त्याच दिवशी येणार होता.

"त्याला कळलं नाही?" तिने कसंबसं विचारलं. "धुराडी मोजतात त्या दिवशी. हे त्याला मी सांगायला हवं होतं का?"

"मी विचारलं होतं, मोठी झाल्यावर. म्हटलं, कुणी तुमचं नाव राखायला पेटवली असेल तर? तर म्हणाले, माझ्यासाठी कोण पेटवणार? ती शब्दाची पक्की आहे, बोलली की करते."

ओदिलने मांडीवरच्या पिशवीवर दोन्ही हात ठेवले होते. गास्पार उन्हाळ्याच्या तोंडाला गेला होता. बरेच महिने आजारी होता. त्याची राख त्या पिशवीत होती. ओदिल आधी परकी म्हणून आली होती, घरात कोण बसलंय ते डोळ्यांनी बघायला. शेळ्या दिसल्या असत्या, नाहीतर भाडेकरू दिसले असते, तर ती कुणालाही काही न सांगता परत जाणार होती आणि राख नदीत सोडणार होती.

बाप्तिस्तांने जीप वरच्या आळीपर्यंत नेली. त्याला कुणी काही सांगितलं नाही, पण दोघींच्या तोंडाकडे पाहून तो त्या वाटेवर पहिल्यांदाच गप्प होता. फिलोमेनने कुलूप काढलं. आत गारठा होता. फरशी झाडलेली, टेबलावर पालथे घातलेले दोन पेले, चुलीत मागच्या सणाची मूठभर राख. ओदिल एकेका वस्तूला हात लावत फिरली. मग मागच्या दाराने बाहेर गेली आणि तिथेच थांबली.

लाकूड तिन्ही भिंतींना खिडक्यांपर्यंत रचलेलं होतं. वरचे थर चांगले होते, लार्चच्या झाडाचे, लालसर. खाली जावं तसं ते करडं होत गेलं होतं, आणि अगदी तळाशी त्याची माती व्हायला लागली होती, त्यावर भूछत्रं उगवलेली. ओदिलने एका ओंडक्याला बोट लावलं तर बोट आत गेलं.

"हे सगळं त्यांचं?"

"त्याचं. एक काटकी घेतली नाही मी. चूलसुद्धा माझ्या घरच्या लाकडाने पेटवली."

ओदिल तिच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग होता, पण तो कुणावर काढावा हे तिला कळत नसावं. "एवढं केलंत, आत्या," ती म्हणाली. "एक निरोप का नाही पाठवलात?"

आत्या हा शब्द फिलोमेनला आयुष्यात कुणी म्हटला नव्हता. त्याच्यासकट तो प्रश्न आला, म्हणून तिला त्याचं धड सुखही होईना. खाली बघत ती म्हणाली, "वाटलं, आधी तो बोलेल."

"बाबाही हेच म्हणायचे."

दुसऱ्या दिवशी मेयरने कागदावर सही दिली आणि गास्पारला आईबापांच्या थडग्यात जागा मिळाली. बाप्तिस्तांने टोपी काढली. "आला एकदाचा," तो म्हणाला. "हट्टी होता, पण आला." मग तो दगडावरची माती हाताने झटकत बसला.

ओदिल दुपारच्या बसने गेली. बस येईपर्यंत दोघी थांब्यावर उभ्या होत्या. वरच्या घराचं यंदा काय करायचं, हे फिलोमेनला विचारायचं होतं. धुराडं तिथूनही दिसत होतं आणि ओदिलची नजर दोनदा तिकडे गेली. पण शहरात नोकरी असलेल्या बाईला या रानातला वाटा घेऊन काय करायचा? विचारलं तर तिला नाही म्हणणं जड जाईल, आणि हो म्हणाली तर ती केवळ म्हातारीला बरं वाटावं म्हणून म्हणेल. असं सगळं तिने स्वतःशीच ठरवून टाकलं. ओदिलने तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, जपा म्हणाली, आणि बसमध्ये चढली.

सणाच्या सकाळी बाप्तिस्तां दारात आला. पाठीवर टोपली होती, सरपणाने भरलेली. एवढ्या वर्षांत त्याने ती गोष्ट पहिल्यांदा सरळ बोलून दाखवली. "तू बस. मी जाऊन पेटवतो. माझे गुडघे अजून माझं ऐकतात."

"कोणासाठी?" फिलोमेन म्हणाली.

बाप्तिस्तां टोपली तिच्याच चुलीपाशी उतरवून निघून गेला.

रखवालदार नेहमीच्या वेळी आला. वरच्या घराखाली थांबला. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, दुसऱ्या बुटाचीही बांधली, रस्त्याच्या कडेचा एक दगड पायाने बाजूला सारला. फिलोमेन खिडकीतून बघत होती. शेवटी तो तिच्या दाराशी आला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, "वरच्या घरात कुणी आहे का, फिलोमेन मावशी?"

"नाही," ती म्हणाली. "कुणी नाही."

त्याने मान हलवली आणि तो पुढच्या घराकडे गेला.

दुपारी सगळं गाव दफनभूमीत होतं. शेवंतीच्या कुंड्यांनी थडगी पिवळी, तांबडी झाली होती. फिलोमेन आपल्या कुंडीतली पिवळी पानं खुडत होती, तेवढ्यात वरच्या फाटकाने कुणीतरी आत आलं. ओदिल होती. बूट चिखलाने भरलेले, विजारीला गुडघ्यापर्यंत काटे चिकटलेले, आणि कोटाच्या आत कुंडी. तिने ती थडग्यावर ठेवली, हात पुसले.

"बसने नाही आलीस?" फिलोमेनने विचारलं.

"नाही. गाडी पलीकडे ठेवली. खिंडीतून चढून आले, किल्ल्यावरून."

"एवढी तंगडतोड कशाला केलीस?"

ओदिल वाकून विजारीचे काटे काढू लागली. "धूर बघायला. तेव्हा पाहिला तो भलताच समजून पाहिला. कुणी पेटवला ते माहीत असताना एकदा तिथूनच बघायचा होता मला. बराच वेळ थांबले. वाटलं, गुडघे दुखत असतील, तुम्हाला उशीर झाला असेल."

फिलोमेनच्या हातातली पानं तिथेच गळून पडली. "मला वाटलं, तुला नको असेल."

"नको म्हणाले होते का मी?"

"नाही. पण हवं असंही म्हणाली नव्हतीस."

"तुम्ही विचारलं नाहीत, आत्या."

"नाही विचारलं."

शेजारच्या थडग्यापाशी बाप्तिस्तां बायकोच्या कुंडीला पाणी घालत होता, त्याने ऐकलं असावं, पण तो वळला नाही. रखवालदार कामं आटोपून केव्हाच गावच्या कचेरीकडे उतरून गेला होता. वारा सुटला होता आणि खालच्या घरांचा धूर छपरांवरून वाकून वाहत होता. चल, पुढच्या वर्षी दोघी मिळून पेटवू, असं फिलोमेनच्या ओठांवर आलं. पण आपल्या वयाच्या माणसाने पुढच्या वर्षाच्या गोष्टी करू नयेत, असं तिला वाटलं, आणि ती म्हणाली, "गारठलीस. घरी सूप आहे, चल."

ओदिलने तिच्या दंडाखाली हात घातला आणि दोघी हळूहळू उतार उतरू लागल्या.